त्याच दिवशी लिहून ठेव

टिळकवाडी, बेळगाव

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, समोरचा चहा निवून गेला आणि तू मोबाईलवरचं ते ऑफर लेटर नुसतं खाली-वर सरकवत राहिलीस. तुला धड उत्तर न देता मी तुला परत पाठवलं, याची रुखरुख चार दिवस लागून आहे. म्हणून लिहायला बसलो.

पुण्यात चाळीस जणांच्या एचआर टीममध्ये सहा वर्षं काढली, आता मच्छ्याच्या कारखान्यात अडीचशे माणसांना एकटीनं सांभाळायचं, म्हणजे मी दोन पायऱ्या खाली उतरतेय का, असं तू विचारलंस. हा प्रश्न मला विचारू नकोस. वडिलांना आता एकटं ठेवता येत नाही आणि तू परत यायचं मनाशी ठरवलं आहेस, हे तुझ्या तोंडावरच दिसत होतं. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळाच आहे.

तिकडे भरती एकाकडे, पेरोल दुसऱ्याकडे, कायद्याचं सगळं तिसऱ्याकडे. मंजुरीचं बटण कुणी दाबल्याशिवाय काही पुढं सरकत नव्हतं, त्यामुळे तू काही न करताही प्रत्येक गोष्टीची नोंद राहत होती. इथं मालक जिन्यात भेटेल आणि म्हणेल, ‘त्या सीएनसीवाल्याचे दोन हजार वाढव.’ सुपरवायझर पार्किंगमध्ये गाठून सांगेल, ‘त्याला उद्यापासून घेऊ नका.’ कामगार गेटवर थांबवून आगाऊ उचल मागेल. सगळं तोंडी, आणि त्या बोलण्याच्या मधोमध तू एकटी. तेव्हा माझं एकच सांगणं आहे. त्याच दिवशी लिहून ठेव.

हे मी कुठं शिकलो ते तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या वडिलांनाही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मी एकटा पर्सोनेल बघत होतो. जुलैचा पाऊस, दुपारची पाळी. खानापूर तालुक्यातला एक मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे बनवणारा कामगार, साच्याचा बॉक्स बंद करत होता, वरचा बॉक्स क्रेनवरून निसटला आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळचं आणि मधलं. मालकानं स्वतःच्या गाडीतून त्याला खासगी दवाखान्यात नेलं, सगळं बिल भरलं. माणूस वाईट नव्हता. संध्याकाळी मला म्हणाला, ‘ईएसआयला कळवलं की चौकशा लागतील. याचा पगार चालू राहील, पुढं हलकं काम देऊ. मी आहे ना?’ मी अपघाताची नोंद ईएसआयकडे, म्हणजे सरकारी कामगार विम्याकडे, केली नाही. उलट तो घरी होता ते सगळे दिवस मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, माझ्या हातानं ‘पी’, म्हणजे हजर, असं लिहिलं, त्याचा पगार निघावा म्हणून. त्या वेळी मला वाटलं, आपण त्याचं भलंच करतोय.

चार वर्षांनी भागीदारी फुटली. नव्या माणसांनी विचारलं, याला हलकं काम कोणत्या कागदावर दिलंय? कागद नव्हताच. कामावरचा अपघात म्हणून नोंद असती तर मेडिकल बोर्डापुढं जाऊन कायमच्या अपंगत्वाचे पैसे त्याला दरमहा, जन्मभर मिळाले असते. पण ज्या दिवसांत तो हाताला बँडेज बांधून गावी पडून होता, त्या दिवसांत तो कामावर हजर होता असं माझंच अक्षर सांगत होतं. त्याला परत मोल्डिंगवर घातलं. दीड महिन्यात त्यानं राजीनामा दिला. माझ्या टेबलावर सही करताना त्यानं पेन अंगठा आणि करंगळीशेजारच्या बोटात धरलं होतं. एवढंच म्हणाला, ‘साहेब, तुम्ही होतात की तिथं.’

दुसऱ्या दिवशी मी लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही आणली. निवृत्त होईपर्यंत अशा एकोणीस वह्या झाल्या. रोज घरी निघायच्या आधी वीस मिनिटं: कोण बोललं, काय बोललं, कुणासमोर, मी काय केलं. मालकानं तोंडी काही सांगितलं असेल तर ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून चार ओळी त्याच्या टेबलावर. तू मेल कर. मालक चिडेल, चिडू दे. व्हॉट्सॲपवरचा आवाजातला निरोप म्हणजे लिखाण नव्हे. तो ऐक, आणि मग लिहून काढ.

‘काका, आता सगळं सॉफ्टवेअरमध्ये असतं,’ असं तू म्हणालीस. अगं, सॉफ्टवेअरमध्ये तेच असतं जे कुणीतरी भरतं! आणि इथं ते कुणीतरी म्हणजे तूच. मस्टरवरचा माझा तो ‘पी’ सॉफ्टवेअरमध्ये भरला असता तर खरा झाला असता का?

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रत्येकाची रुजू तारीख तपास. इथले अनेक जण आधी ठेकेदाराकडे, मग कंपनीच्या मस्टरवर, असे आलेले असतात, आणि मधली वर्षं ‘तोंडी धरलेली’ असतात. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० असेल तर ग्रॅच्युइटीच्या १५ भागिले २६ च्या हिशेबानं अशा चार वर्षांचे ४१,५३८ रुपये होतात. ते ठेकेदारानं द्यायचे की कंपनीनं, हे माणूस निवृत्त होताना भांडण्यात काय अर्थ? आज विचार, आज लिही. नावंही बघ. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत, रेशनकार्डावर कन्नडमध्ये, आणि आधारवर त्या दोन्हींचं इंग्रजीत काहीतरी तिसरंच. पाटील कुठं आडनाव म्हणून, कुठं नुसतं गावाचं नाव. एका अक्षराच्या फरकानं पीएफचा दावा परत येतो आणि बाई नवऱ्याच्या तेराव्यानंतर तुझ्या दारात उभी राहते. त्या दिवशी तिच्याशी कितीही गोड बोललीस तरी उपयोग नसतो. पीएफ आणि ईएसआयची १५ तारीख तू चुकवणार नाहीस, ते मला माहीत आहे.

कन्नड शीक. सीमाप्रश्नावर माझं मत तुला ठाऊक आहे आणि ते तसूभर बदललेलं नाही. पण बैलहोंगल-सौंदत्तीकडून आलेल्या पोराला तुझी नोटीस वाचता आली नाही तर ती लावून न लावल्यासारखीच. नोटीस कन्नडमध्येही लाव, मराठीतही लाव, दोन्हींखाली तीच तारीख घाल. त्या भागातले जुने कामगार मला म्हणायचे, ‘बरदु कोड्री, साहेब.’ लिहून द्या. चार इयत्ता शिकलेल्या माणसाला जे कळत होतं, ते मला दोन बोटं गेल्यावर कळलं.

पुण्याची सवय इथं जशीच्या तशी लावू नकोस. व्यवसाय कराला तिकडे बायकांना महिना २५,००० पगारापर्यंत वेगळी सूट आहे, इथं २५,००० ची मर्यादा सगळ्यांना एकच. सुट्ट्यांचा कर्नाटकाचा स्वतःचा १९६३ चा कायदा आहे: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या ठरलेल्या, शिवाय सणांच्या पाच. त्या पाचांवरून डिसेंबरात वाद होतो. पाडवा की बसव जयंती, गणपतीला एक की दोन, रमजानचं काय. सगळ्या गटांची माणसं एका खोलीत बसव, ठरलेलं तिथंच लिही आणि सगळ्यांच्या सह्या घेऊनच दार उघड. आणि त्या १ नोव्हेंबरला, एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे आपला काळा दिवस, शहरात काय वातावरण असतं, ते तुला वेगळं सांगायला नको. आदल्या दिवशीच्या पाळीत कोण कुणाला काय बोललं हे तुझ्या कानावर येईल. तेही लिहून ठेव, आणि दोघांनाही वाचून दाखव.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, आणि माणूस गेला किंवा काढला तर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब. नेमणूकपत्राचं वाचून मला काय वाटलं सांगू? आपण इतकी वर्षं जे ओरडत होतो ते शेवटी कायद्यातच आलं.

आणखी एक. तू तिथली एकुलती एक महिला अधिकारी असशील, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारीची समिती तुझ्याच गळ्यात पडणार. बाई तुझ्यापाशी येईल, रडेल, आणि म्हणेल, ताई, लिहून नको, तुम्ही नुसतं त्याला समजावा. तुला दया येईल आणि तू समजवायला जाशील. जाऊ नकोस. तिला तीन महिन्यांची मुदत आहे हे सांग, आणि लिहिता येत नसेल तर तिच्याजवळ बसून लिहायला मदत कर. ही मदत कायद्यानंच समितीवर टाकलेली आहे. लिहायचं की नाही हे तिचं ती ठरवेल. पण नुसत्या समजावण्यानं तिचा त्रास थांबत नाही. तिचं बोलणं तेवढं त्याच्यापर्यंत पोचतं.

लोक तुला कागदी म्हणतील. मला म्हणाले. दुसऱ्या एका कारखान्यात युनियनच्या एका पोराला काढायचं ठरलं आणि मागच्या तारखांची तीन ताकीदपत्रं माझ्यापुढं सहीला ठेवली. माझ्या वहीत त्या तारखांना त्याचं नावही नव्हतं. मी सही केली नाही. मग मलाच जावं लागलं. अकरा महिने घरी होतो, तुझ्या काकूनं शहापूरच्या दुकानांची शिवणकामं घेऊन घर चालवलं. भाऊ म्हणाला, एक सही केली असतीस तर काय बिघडलं असतं? माझं चुकलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्या मोल्डरसाठी जे मी केलं नाही, ते त्या पोराच्या वेळी करायलाच हवं होतं. काकूनं मला त्यावरून कधी शब्दानं बोल लावला नाही, एवढं तिचं माझ्यावर ऋण आहे.

आता तुझं ऑफर लेटर. तू दाखवलंस तेव्हा मी चष्मा लावून दोनदा वाचलं. पगार आहे, पद आहे, तू थेट मालकाच्या हाताखाली हेही आहे. पण निघताना तू चप्पल घालता घालता म्हणालीस, ‘सहा महिन्यांनी एक असिस्टंट देतो म्हणालेत.’ ती ओळ त्या पत्रात कुठं आहे? अडीचशे माणसं, दोन पाळ्या, तीन भाषा आणि तू एकटी. त्या असिस्टंटच्या भरवशावर तू हो म्हणणार आहेस आणि तो फक्त मालकाच्या तोंडात आहे.

सोमवारी सही करायला जाशील तेव्हा आधी ती ओळ मागून घे. ‘घालू नंतर’ म्हणाले तर तिथंच बसून मेल लिही, पाठव, उत्तराची वाट बघ, आणि मगच सही कर. येताना पत्राची एक झेरॉक्स माझ्यासाठी आण.

तुझा,
काका