वितळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमचं मॉडेल: सुरुवात कुठून करायची

थेट त्रिमितीय साचा, आत फिरणारा रस आणि वरून प्रारण, असं सगळं एकदम अंगावर घेऊ नका. आधी एकाच दिशेचा, फक्त वहनाचा स्टेफन प्रश्न (वितळताना घन-द्रव सीमा कशी सरकते, हे शोधण्याचं गणित) सोडवा. (प्रारण केल्विनमधल्या तापमानाच्या चतुर्थ घाताप्रमाणे वाढतं, हा नियमही याच भौतिकशास्त्रज्ञ योझेफ स्टेफनचा.) त्याचं नेमकं गणिती उत्तर उपलब्ध आहे. घन-द्रव सीमा त्याच्याशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. कंटाळवाणं आहे खरं, पण बऱ्याच चुका इथेच पकडल्या जातात.

नवख्यांकडून हमखास होतं ते हे:

- प्रारणात सेल्सिअस घालणं. द्रवणांक ६६० अंश, म्हणजे ९३३ केल्विन. तिथे ब्लॅक बॉडी (त्या तापमानाला जास्तीत जास्त प्रारण सोडणारी आदर्श वस्तू) चौरस मीटरमागे सुमारे ४३ किलोवॅट सोडते. ६६०चा चतुर्थ घात केलात तर जेमतेम ११ येतात, आणि प्रोग्रॅम चकार शब्द काढत नाही!
- एमिसिव्हिटी (ब्लॅक बॉडीच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रारण सोडतो ते प्रमाण) १ धरणं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची ०.१च्या आसपास किंवा कमीच असते. ऑक्साइड चढला की वाढते.
- अप्रकट उष्मा (तापमान न वाढता नुसतं वितळण्यात खर्च होणारी उष्णता) निसटणं. किलोमागे जवळपास ४०० किलोज्यूल असतो तो. वेळेची पायरी मोठी असेल तर तापमान एका उडीत द्रवणांक ओलांडतं आणि हा हिशोबच राहून जातो. म्हणून तापमानाऐवजी एन्थाल्पी (अप्रकट उष्म्यासकट धातूतली एकूण उष्णता) सोडवा.

द्रवातले प्रवाह, आकुंचन वगैरे नंतर बघू. पहिला आलेख आला की टाका इथे.