प्रश्न वाचकांचे : ‘तो’ कधी ‘तू’ होतो?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. मी नागपूरच्या सदर भागात राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी माझे पती प्रभूकडे गेले. तेव्हापासून मंडळीतील एक भगिनी मला रोज सकाळी मोबाईलवर बायबलमधील छोटी चिंतने पाठवते. शिवाय उशाशी चिंतनांची छापील पुस्तिकाही असते. वर एक वचन, खाली एखादा प्रसंग आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना, असे त्यांचे स्वरूप असते. मी एकही दिवस चुकवलेला नाही. परंतु खरे सांगायचे तर ‘देव तुझ्यावर प्रीती करतो’ हे वाक्य मी आता इतक्या वेळा वाचले आहे की, ते बँकेकडून येणाऱ्या संदेशासारखे वाटू लागले आहे. वाचते आणि चहा ठेवायला उठते. एवढ्याशा चिंतनांतून इतरांना देवाची प्रीती सापडते ती कशी? की माझ्याच विश्वासात काही उणे आहे?
— एक भगिनी, सदर, नागपूर

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. ज्याच्यापाशी विश्वास नाही तो दीड वर्ष रोज सकाळी वचन उघडत नाही, आणि उघडलेच तरी त्यात काही सापडत नाही म्हणून असे कळकळीचे पत्र लिहीत नाही.

दोष असलाच तर तो थोडा आम्हा लिहिणाऱ्यांचा आहे. मी स्वतः अशी चिंतने लिहिली आहेत आणि जागा संपत आली की ‘चला, आज आपणही क्षमा करू या’ असे लिहून मोकळा झालो आहे. वचन, प्रसंग आणि आज्ञा अशी ही ठरलेली चाल असते. परिणामी, जो प्रीतीच्या शोधात येतो त्याच्या हाती रोज एक गृहपाठ पडतो. आणि ज्या घरात नुकताच मृत्यू येऊन गेला आहे त्या घरातील माणसाला आणखी एक काम नको असते. योहानाच्या पहिल्या पत्रात (4:10) क्रम नेमका उलटा आहे : प्रीती म्हणजे आपण देवावर केली ती नव्हे, त्याने आपल्यावर केली ती. तेव्हा ज्या चिंतनाचा शेवट तुम्ही काय करावे यावरच होतो, त्याचा शेवट खुशाल सोडून द्यावा आणि वरच्या वचनाकडे परत जावे.

वचनाकडे परत गेल्यावर काय करावे, हे मी तुमच्यासारख्या मराठीच्या शिक्षिकेला तुमच्याच भाषेत सांगतो. वर्गात तुम्ही मुलांकडून वाक्यातला कर्ता, कर्म आणि क्रियापद ओळखून घेत होतात. वचनाचेही तसेच करून पाहा. विलापगीत 3:22-23 हे वचन तुमच्या पुस्तिकेत वर्षातून दोनतीनदा तरी येत असेल : ‘आम्ही भस्म झालो नाही ही परमेश्वराची दया होय, कारण त्याच्या करुणेला खंड पडत नाही, ती रोज सकाळी नवी होते, तुझी सत्यता थोर आहे.’ उगवत्या सूर्याच्या चित्रावर हे शब्द छापलेले आपण सर्वांनी पाहिले आहेत. चित्रात जे दिसत नाही ते असे की, हे शब्द बाबेलच्या सैन्याने उद्ध्वस्त केलेल्या यरुशलेमेवरच्या आक्रोशातील आहेत. पाच अध्यायांचे हे पुस्तक बहुतांशी विलापच आहे. दुसऱ्या अध्यायात प्रभू शत्रूसारखा झाल्याची तक्रार आहे, आणि याच तिसऱ्या अध्यायात, या वचनाच्या थोडे आधी, आपण हाका मारल्या तरी देव आपली प्रार्थना ऐकत नाही, असे कवी म्हणतो. इब्री वर्णमालेत 22 अक्षरे आहेत आणि या अध्यायात प्रत्येक अक्षराच्या तीन अशा 66 ओव्या आहेत. शोक असह्य झाला तेव्हा या कवीने तो अक्षरांच्या चौकटीत बसवला. तुम्हाला त्यामागचे कारण कदाचित माझ्याहून अधिक कळेल.

आता सर्वनामे पाहा. ‘त्याच्या करुणेला खंड पडत नाही’ इथपर्यंत देव ‘तो’ आहे. पुढच्याच ओवीत, मध्ये कोणतीही प्रस्तावना न करता, तो ‘तू’ होतो. ‘तुझी सत्यता थोर आहे.’ देवाविषयी बोलता बोलता कवी देवाशीच बोलू लागतो. हा अपघात म्हणावा, तर तेविसावे स्तोत्र उघडावे. मेंढपाळ, हिरवी कुरणे, संथ पाणी इथपर्यंत सारी वर्णने तृतीय पुरुषात आहेत : तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथेच वाक्य फिरते : ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ हिरव्या कुरणात ‘तो’ पुरेसा होता. अंधाऱ्या दरीत पाय टाकताना ‘तू’ म्हटल्यावाचून भागत नाही.

आपली चिंतने सहसा ‘तो’ वरच थांबतात. ‘देव तुझ्यावर प्रीती करतो’ हे वाक्यही, त्यात ‘तुझ्यावर’ असले तरी, तिसऱ्याच माणसाने आणून दिलेला निरोप आहे, म्हणून ते तुम्हाला बँकेच्या संदेशासारखे वाटले तर नवल नाही. निरोप खरा असतो, पण निरोप्या दारातून परत जातो. पुढचे वाक्य चिंतन लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, ते वाचणाऱ्यालाच उच्चारावे लागते. आणि ते गोडच असले पाहिजे असेही नाही. ‘तू त्यांना का नेलेस?’ हेही ‘तू’ नेच सुरू होणारे वाक्य आहे. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र असे आहे की ज्याचा शेवट ना स्तुतीत होतो ना आशेत. त्याचा शेवट अंधारात होतो. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कारण ते पहिल्या ओवीपासून देवालाच उद्देशून आहे.

‘करुणा’ या शब्दासाठी विलापगीताच्या त्या ओवीत ‘रहमीम’ हा इब्री शब्द आहे आणि त्याचे नाते गर्भाशयासाठीच्या ‘रेहेम’ या शब्दाशी आहे. यशया 49:15 मध्ये देव विचारतो की, आई आपल्या तान्हुल्याला विसरेल काय. आणि ती विसरलीच तरी मी तुला विसरणार नाही, असे सांगतो. इथे तर देवच ‘मी’ होऊन वाचणाऱ्याला ‘तू’ म्हणतो. चिंतनाच्या पानावर हे वचन आले, तर खालचा प्रसंग त्या दिवशी न वाचला तरी चालेल.

रोज नवे चिंतन वाचण्याचा हट्टही काही दिवस सोडून पाहावा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक नागपुरात राहून गेले होते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यांना 1893 च्या सुमारास, राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत वाचत येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांचा पाय निघेना. मत्तयाचे पाच ते सात हे तीन अध्याय, अवघ्या 111 ओव्या. तुम्ही तर एकच ओवी घ्या, आठवडाभर तीच ठेवा, तिच्या मागच्या आणि पुढच्या दहा ओव्या वाचा, आणि ती मोठ्याने म्हणा. पहिल्या स्तोत्रात ‘मनन’ असे भाषांतर झालेला मूळ शब्द ओठांतल्या पुटपुटण्याचा आहे. यशयाने तोच शब्द सिंहाच्या गुरगुरण्यासाठी वापरला आहे. चहाचे आधण ठेवतानाही ते जमते, त्यासाठी उठू नये असे मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात काही ‘जाणवेल’ असे वचन मात्र मी देऊ शकत नाही. आणि न जाणवल्यास ती प्रीती नव्हतीच, असे मी म्हणणारही नाही.

प्रश्न : मी हिंगणा औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो. रात्रपाळीच्या आठवड्यात रोजचे चिंतन राहून जाते आणि रविवारी उपासनेनंतर पाचसहा दिवसांची चिंतने एकदम वाचून काढतो. तरीही देवाला फसवल्यासारखे वाटते. काय करावे?
— एक तरुण वाचक, नागपूर

उत्तर : बाळा, थकबाकी भरू नकोस. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांनी रोज माणशी एक ओमर (एक माप) मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, गोळा करायचा होता. दुसऱ्या दिवसासाठी साठवला त्यात किडे पडले, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशीचा दुप्पट वाटा टिकला. ज्या दिवशी राहिले ते राहिले, त्या दिवशीची करुणा काही तुझ्या वाचनावर अवलंबून नव्हती.

वरच्या उत्तरातील विलापगीताच्या वचनात ‘रोज सकाळी’ असे आहे, त्या शब्दांचाही बाऊ करू नकोस. त्रेसष्टाव्या स्तोत्राचा कवी अंथरुणावर, रात्रीच्या प्रहरी मनन करतो, आणि तो तर बहुतेक स्तोत्र ‘तू’ म्हणूनच गातो. रोजच्या वचनाची ही पद्धत आपल्या मोबाईलहून पुष्कळ जुनी आहे. जर्मनीतील हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट मंडळीत 1728 पासून दिवसाचे वचन घरोघरी जाऊन तोंडी सांगितले जाई. त्याचे पुस्तक 1731 या वर्षासाठी पहिल्यांदा छापले गेले. सांगणारा दारात उभा राहून एक ओळ सांगे आणि ऐकणारा ती घेऊन कामाला लागे. तूही रात्रपाळीला निघताना एकच ओळ कागदावर लिहून खिशात ठेव आणि मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती एकदा वाच.