काउंटर सोडण्याआधी

प्रिय बाय,

तुझा निरोप रात्री दीडला आला, म्हणजे नाइट शिफ्ट असणार. त्यात एकच प्रश्न तू तीनदा विचारलायस: कोडिंग येत नाही, चित्र काढता येत नाही, शिक्षण बी.ए. मराठी, मग यूएक्समध्ये, म्हणजे अ‍ॅप, फॉर्म वगैरे वापरायला सोपे करायच्या कामात, मला कोण घेणार?

कोण घेणार ते पुढे बोलू. आधी तू रोज काय करतेस ते बघ. मोपाच्या विमानतळावर पहाटे उतरलेला पाहुणा तासाभराने कळंगुटात तुझ्या हॉटेलच्या काउंटरशी उभा राहतो. डोळ्यांवर झोप, कडेवर पोर. परदेशी असेल तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारकडे जायला हवी, म्हणून तू पासपोर्ट मागतेस, व्हिसाचा नंबर शोधतेस. कुठल्या प्रश्नाला माणूस वैतागतो, कुठला रकाना हमखास चुकतो, हे तुला पाठ आहे. तूच ना क्रम बदलला होतास, आधी पाणी आणि खुर्ची, मग कागद? या धंद्यात नेमका त्याचाच पगार मिळतो. तू ते लिहून ठेवलं नाहीस, एवढंच कमी पडलं.

'युजर एक्स्पिरिअन्स', म्हणजेच यूएक्स, हे शब्द हुद्द्यात घेऊन वावरणारा पहिला नावाजलेला माणूस म्हणजे डॉन नॉर्मन, १९९३ मध्ये, अ‍ॅपलमध्ये. तो मुळात इंजिनिअरिंग शिकलेला, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण पुढे तो मानसशास्त्राकडे वळला, आणि माणसं का चुकतात यातच रमला. चुकणाऱ्याला बावळट न म्हणता वस्तूकडे संशयाने बघायचं, ही सवय त्याच्यामुळे पुष्कळांना लागली. रिसेप्शनवर ती तुला आपोआप लागलेली आहे, नाहीतर पाच वर्षं टिकली नसतीस.

येत्या सुट्टीला म्हापशाच्या मासळी बाजारात जा आणि अर्धा तास नुसती उभी राहा. मासळी घेऊ नकोस, नाहीतर लक्ष भावात अडकेल. मासळीच्या कितीतरी पाट्यांशेजारी क्यूआर कोड असतो आणि त्याच्या बाजूला पैसे जमा झाल्याचं मोठ्याने सांगणारा छोटा डबा. तो डबा का आला असेल? विकणारीचे हात ओले, खवल्यांनी माखलेले. तिने मोबाइल धरायचा कसा, आणि समोर चार गिऱ्हाइकं असताना मेसेज वाचायचा कधी? गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर विश्वास ठेवावा, तर तोही खोटा असू शकतो. अशा वेळी कितीही सुंदर स्क्रीन काढली तरी उपयोग शून्य. आवाज हेच उत्तर. हे उत्तर फिग्मात, म्हणजे स्क्रीन काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सापडत नाही. त्यासाठी कोणीतरी पाटीसमोर उभं राहावं लागतं.

फिग्मा शिकायचंच आहे. फुकटातल्या खात्यावर, रोज तासभर दिलास तर दोन-तीन महिन्यांत हात बसेल. त्यासाठी लाखभर रुपये फी घेणाऱ्या कोर्सात लगेच नाव घालू नकोस, 'नोकरीची हमी' लिहिलेलं असेल तर मुळीच नको. रीतसर शिकायचंच मनात असेल तर डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी सीड नावाची प्रवेश परीक्षा आहे. ती कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, आणि आय.आय.टी. मुंबईच्या आय.डी.सी. या डिझाइन विभागाची वाट त्यातूनच जाते, मात्र तिथे तुझं बी.ए. चालतं का ते आधी तपास. पण दोन वर्षं पूर्णवेळ शिकणं घरच्या परिस्थितीत बसतं का, ते तूच जाण.

माझी फजिती सांगतो. वर्तमानपत्राची उपसंपादकी सोडून मी या वाटेला लागलो तेव्हा एका नावाजलेल्या अ‍ॅपच्या वीस स्क्रीन नव्याने रंगवल्या आणि मुलाखतीला नेल्या. समोरच्या बाईंनी दोन स्क्रीन बघितल्या आणि विचारलं, "किती जणांशी बोललात?" एकाशीही नाही. मुलाखत तिथेच आटोपली, चहा मात्र पूर्ण प्यायलो. पुढे नोकरी लागल्यावर एका फॉर्मच्या बटणावर मी मोठ्या ऐटीत 'सादर करा' लिहिलं. प्रियोळच्या एका काकूंना दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "काय सादर करू? गाणं?" बटणावर 'पाठवा' आलं. पंधरा वर्षं मराठी तपासलेला माणूस मी, आणि माझा शब्द काकूंनी तपासला.

तेव्हा पहिलं काम असं कर. तुमच्या हॉटेलचा नोंदणी फॉर्म घे, मॅनेजरांची परवानगी काढ, आणि पाच जणांना तो भरताना बघ. मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही. कुठे थांबले, कुठे खोडलं, कुठे तुझ्याकडे बघितलं, तेवढंच टिपायचं. पाचच का? जेकब नील्सन या यूएक्समधल्या जाणकाराचा हिशेब असा की पाच जणांत बहुतेक अडचणी वर येतात, त्याच्या सूत्राने साधारण ८५ टक्के. मात्र ते पाच एकाच प्रकारचे असावे लागतात. आपल्या गोव्यात कोंकणी रोमी लिपीत वाचणारा, मराठी पेपर वाचणारा आणि कर्नाटकातून कामाला आलेला असे तिघे एका रांगेत उभे असतात. ते 'तीन जण' नव्हेत, तीन वेगळे गट आहेत. मग बदललेला फॉर्म काढ, पुन्हा दाखव, आणि काय सुधारलं, काय फसलं ते दोन्ही लिही. फसलेलं गाळू नकोस, मुलाखतीत तेच वाचलं जातं. अशा दोन-तीन गोष्टी झाल्या की पोर्टफोलिओ झाला.

आणि तुझं बी.ए. मराठी फाइलीच्या तळाशी लपवू नकोस. इंग्रजीवर बेतलेल्या स्क्रीनवर मराठी टाकली की वेलांट्या कापल्या जातात, शब्द बटणात मावत नाहीत. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे होतात, आणि देवनागरी न वाचणाऱ्या डिझायनरला ते दिसतही नाही. तुला दिसेल. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात, त्यांच्यावर प्रयोग कर. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये भर उन्हात वेटर मोबाइलवर ऑर्डर घेतो, तेव्हा फिकट राखाडी अक्षरांचं काय होतं तेही बघ. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ इतका फरक हवा, असा सुगम्यतेचा, म्हणजे सगळ्यांना वापरता यावं यासाठीचा, नियम आहे. तो का आहे ते तिथे डोळ्यांना कळतं.

आता पैशांचं. गोव्यात या कामाच्या जागा थोड्या आहेत. बहुतेक काम पुणे, बेंगळुरू, मुंबईचं, किंवा घरून करायचं. नवशिक्यांची गर्दी मोठी, आणि नुसत्या स्क्रीन काढून देण्याचं काम आता यंत्रंही करू लागली आहेत. पहिला पगार आत्तापेक्षा कमी असू शकतो. म्हणून राजीनामा लिहिलायस तो ड्राफ्टमध्येच राहू दे. आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडू नकोस. पावसाळ्यात पाहुणे कमी असतात, तेवढी फुरसत या कामाला लाव. आईला पगाराचा आकडा खरा सांग, पदाचं नाव सांगू नकोस. ते मी दहा वर्षं समजावतोय, माझ्या आईला अजून मी 'कॉम्प्युटरचं काहीतरी' करतो.

चवथीला येशीलच. येताना लॅपटॉप नको, ती पाच जणांची वही आण. गणपतीवर फळांची माटोळी बांधून झाली की ओसरीवर बसून वाचू.

तुझा,
काका