सुवासिक गुलाबाच्या संकराविषयी

चिरंजीवास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. गच्चीवरच्या कुंडीत 'पापा मेयाँ' या गुलाबाचे पहिले फूल उमलले आणि त्याचा वास जिन्यापर्यंत आला, हे वाचून फार आनंद झाला. त्याच पत्रात तू विचारले आहेस की, सर्वांत जास्त सुवास हवा असेल तर कोणत्या दोन जातींचा संकर करावा. या प्रश्नाचे उत्तर दोन नावांत देता येत नाही. ते का देता येत नाही, हे तुझ्या गच्चीवरच्या त्याच झाडाच्या कुळातून सांगतो.

'क्रायसलर इंपीरियल' ही आई आणि 'शार्ल मालरँ' हा बाप, हाच संकर फ्रान्समध्ये गुलाबाच्या नव्या जाती काढणाऱ्या मेयाँ घराण्याने केला आणि अमेरिकेत तेच काम करणाऱ्या स्विम व वीक्स या जोडीनेही केला. फ्रान्समधल्या रोपांतून 1963 मध्ये 'पापा मेयाँ' बाहेर आला. अमेरिकेतल्या रोपांतून 1964 मध्ये 'मिस्टर लिंकन' आणि 'ओक्लाहोमा' आले. तिघेही गडद लाल आणि तिघेही सुवासिक. तरी 'मिस्टर लिंकन' उंच, दणकट आणि लांब दांड्याचा. 'ओक्लाहोमा'चे फूल जड आणि जवळजवळ काळपट. आणि 'पापा मेयाँ' मखमलीसारखा, पण थंडीत भुरीला, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी आणणाऱ्या बुरशीला, चटकन बळी पडणारा. सख्ख्या भावंडांत एवढा फरक पडतो. म्हणून संकर करणे हे या छंदातले लहान काम आहे आणि उगवलेल्या रोपांतून निवड करणे हे मोठे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

वासाच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी खरी ठरते. दोन सुवासिक झाडांची संतती बिनवासाची निघते, आणि क्वचित उलटेही घडते, कारण गुलाबाचा वास हा एक पदार्थ नसून पुष्कळ पदार्थांचे मिश्रण असते आणि प्रत्येक पदार्थ तयार करणारी यंत्रणा वेगळी असते. 2015 मध्ये फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी सुवासिक 'पापा मेयाँ' आणि जवळपास बिनवासाचा 'रूज मेयाँ' यांची तुलना केली, तेव्हा जिरॅनिऑल हा गुलाबाच्या वासातला महत्त्वाचा घटक पाकळीत ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने तयार होतो, तो अपेक्षेपेक्षा अगदी निराळ्या कुळातला निघाला. झाड वरवर पाहून हे काहीच कळत नाही. नाक हेच तुझे उपकरण आहे आणि ते रोज वापरावे लागते. फूल अर्धे उमललेले असताना, सकाळी ऊन अंगावर येऊन तासाभराने वास सर्वांत चांगला कळतो. कोरडा वारा सुटला असेल त्या दिवशी घेतलेल्या नोंदीवर विश्वास ठेवू नकोस.

आता कृती. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी केली की साधारण पन्नास दिवसांनी बहर येतो; डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा हा संकराचा काळ समज. आई म्हणून असे झाड निवड की, ज्याची सुकलेली फुले काढली नाहीत तर आपोआप फळे धरतात; एक हंगाम नुसते निरीक्षण केलेस तरी हे समजेल. दुसऱ्या दिवशी उमलणार अशी कळी, म्हणजे जिच्या बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या सैल झाल्या आहेत पण मधला गाभा घट्ट आहे अशी कळी, सकाळी लवकर हाताशी घे. पाकळ्या एकेक करून बुडापासून ओढून काढ. मध्ये कुक्षींचा, म्हणजे पराग धरणाऱ्या स्त्री-भागांच्या टोकांचा, लहानसा झुबका आणि त्याभोवती पिवळ्या परागकोषांचे कडे दिसेल. ते कोष फुटण्याआधी बारीक चिमट्याने सगळे काढून टाक. एक जरी राहिला तरी पुढची सगळी मेहनत संशयास्पद होते. बापाच्या फुलाचे परागकोष याच पद्धतीने काढून कागदावर सावलीत पसरून ठेव. दुसऱ्या दिवसापर्यंत ते काळसर होऊन फुटतात आणि कागदावर पिवळी भुकटी सांडते. तोवर आईच्या कुक्षी चिकट झालेल्या असतात, भिंगातून पाहिलेस तर त्यांच्यावर ओलसर चमक दिसते. बोटाच्या टोकाने किंवा मऊ ब्रशने भुकटी लाव, पुढच्या दिवशी पुन्हा लाव, आणि कागदी पिशवी बांध. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नकोस, आत वाफ धरते.

त्याच क्षणी चिठ्ठी बांध: आधी आईचे नाव, मग फुली, मग बापाचे नाव, आणि तारीख. एका वर्षी मी साध्या शाईच्या पेनाने चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि एका अवकाळी पावसात त्या सगळ्या कोऱ्या झाल्या. त्या बियांतून आलेले एक शेंदरी, लवंगेसारख्या वासाचे रोप माझ्याकडे अजून आहे, पण त्याचे आईबाप कोण हे मला कधीच सांगता येणार नाही, आणि म्हणून त्याच्या पुढे जाणारा संकर मी आखू शकलो नाही. ही चूक माझीच होती आणि तिचे मला आजही वाईट वाटते. अॅल्युमिनियमच्या पातळ पट्टीवर पेन्सिलीने दाबून लिहीत जा, ते पुसले जात नाही.

फळ पिकायला साधारण चार महिने लागतात. एप्रिलच्या उन्हात फळे देठाशी सुरकुततात, म्हणून त्या कुंड्या दुपारी सावलीत घे आणि पाणी चुकवू नकोस. फळ केशरी-पिवळे झाले की काढ, बिया धुऊन ओल्या कागदात गुंडाळ आणि डबीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन महिने ठेव. थंडी मिळाल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत. पेरणी पाऊस सरल्यावर कर.

रोपे उगवल्यावर दोन महिन्यांच्या आतबाहेर पहिले इवलेसे फूल येते, आणि इथे पुष्कळ जण घाई करतात. ते फूल पाच-दहा पाकळ्यांचे असते, त्याचा रंग फिका असतो आणि वास बहुधा नसतोच. भुरी किंवा काळ्या ठिपक्यांनी ज्याची पाने सतत खराब होतात ते रोप खुशाल उपटून टाक, त्यात दयामाया नको. पण केवळ वास नाही म्हणून पहिल्या फुलावर कोणतेही रोप टाकू नकोस. निरोगी रोपांचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, खुंटावर, म्हणजे दणकट मुळांच्या दुसऱ्या गुलाबावर, भर, दोन बहर जाऊ दे, आणि मग निर्णय घे.

संकरासाठी तू पाठवलेल्या जातींच्या यादीत मावळातल्या पॉलिहाउसच्या जाती आहेत. त्या फेब्रुवारीत परदेशी जाण्यासाठी, लांब दांडी आणि फुलदाणीत अधिक दिवस टिकणे यांसाठी निवडलेल्या आहेत. वासाच्या कामाला त्या बाप म्हणूनही घेऊ नयेस असे मला वाटते. त्याऐवजी आपल्या हवामानाचा विचार कर. कोडाईकनालचे वीरराघवन हे प्रशासकीय सेवेतले माजी अधिकारी. त्यांनी मणिपूरच्या डोंगरातला 'रोझा जायगँटिया' आणि पाणथळ जागी वाढणारा 'रोझा क्लिनोफिला' हे रानगुलाब उष्ण प्रदेशासाठी संकरात आणले. असे रानगुलाब मात्र द्विगुणित, म्हणजे 14 गुणसूत्रांचे असतात आणि बागेतले बहुतेक हायब्रिड टी, म्हणजे एका दांडीवर एक मोठे फूल देणारे, गुलाब 28 गुणसूत्रांचे. त्यांची संतती 21 गुणसूत्रांची आणि बहुधा वांझ निघते. पहिली चार-पाच वर्षे त्या वाटेला जाऊ नकोस.

नोकरी सांभाळून हे जमेल का, असे तू शेवटी विचारले आहेस. डॉ. बी. पी. पाल यांनी आयुष्यभर गव्हाच्या तांबेरा या रोगावर काम केले, 1965 मध्ये ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले, आणि गुलाबाच्या नव्या जाती त्यांनी छंद म्हणून काढल्या. तुला रोज सकाळची वीस मिनिटे पुरतील, फक्त ती रोज द्यावी लागतील.

यंदा चारच संकर कर, पण प्रत्येकाची दहा-दहा फुले घे. छाटणीच्या आठवड्यात माझ्याकडे ये. 'मिस्टर लिंकन'च्या काड्या तुझ्यासाठी राखून ठेवल्या आहेत. डोळा कसा भरायचा ते समोर बसून दाखवतो. येताना धारदार चाकू आण.

तुझा शुभचिंतक