मुंबईहून नागपूरला विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो, असं तुम्ही विचारलंय; आई-बाबांना पहिल्यांदाच विमानाने पाठवायचंय आणि बाबांचे गुडघे दुखतात, असंही लिहिलंय.

सरळ रेषेत दोन्ही विमानतळांमधलं अंतर साधारण 680 किलोमीटर भरतं. रेल्वेने सीएसएमटीपासून हेच अंतर 837 किलोमीटर आहे. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, तिथून मुंबईची गर्दी वेगळी. तिकिटावर विमानाचा वेळ दीड तासाच्या आसपास लिहिलेला असतो.

माझं माहेर नागपूरचं, सासर डोंबिवलीचं, त्यामुळे ही वाट पाठ झाली आहे. मागच्या डिसेंबरात मी घड्याळ लावून पाहिलं. सुटायची वेळ 6:05 होती, चाकं जमिनीवरून उचलली 6:26 ला आणि सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, टेकली 7:32 ला. म्हणजे हवेत जेमतेम सहासष्ट मिनिटं! चहाचा कप रिकामा होतो न होतो तोच पट्टे बांधायची सूचना आली. बाकीचा वेळ जमिनीवर रांगेत जातो, कारण मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. येताना पाच-दहा मिनिटं जास्तच धरा. हिवाळ्यात वर पश्चिमेचा जोराचा वारा असतो, तो जाताना पाठीशी आणि येताना समोरून. शिवाय मुंबईवर घिरट्या घालाव्या लागल्या तर आणखी उशीर.

पण तुम्ही आई-बाबांना पहिल्यांदाच, तेही दोघांनाच पाठवताय, म्हणून हिशेब घरापासून घरापर्यंतचा करा. त्या दिवशी मी पहाटे तीनला डोंबिवली सोडली आणि धरमपेठेत आईच्या दारात पोचले तेव्हा सव्वाआठ वाजून गेले होते. सव्वापाच तास. दुरंतोला रात्रीचे अकरा तास लागतात, मात्र मध्यरात्रीच्या सुमारास गाडीत बसलं की दुपारच्या आत नागपूर, मध्ये धावपळ नाही. बाबांचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय, तरीही मी विमानच सांगेन. तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, दारापासून विमानापर्यंत माणूस सोबत येतो आणि सुरक्षा तपासणीलाही तोच नेतो. माझ्या सासूबाई अशाच गेल्या, त्यांना कुठे विचारत फिरावं लागलं नाही.

आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, तेव्हा तिकिटावर नेमकं कुठलं विमानतळ आणि कुठलं टर्मिनल हे दोनदा वाचा. सुटायच्या दोन तास आधी पोचतील असं बघा. औषधं आणि आईंचा स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा, डिसेंबरात सोनेगावला सकाळची थंडी चांगलीच झोंबते. आणि खिडकी डाव्या बाजूची घ्या. जाताना विमानाचं तोंड पूर्वेकडे असतं, थंडीतला कोवळा सूर्य उजवीकडून येतो आणि त्या बाजूला बसलं तर डोळे उघडवत नाहीत.