राज्याची माहिती केंद्राकडे पाठवताना

अमेरिकेत राज्याच्या वन्यजीव खात्यात नवे आहात, तर हे पक्कं ध्यानात ठेवा: १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यानुसार (Endangered Species Act) प्रजाती संकटग्रस्त ठरते ती केवळ शास्त्रीय व व्यापारविषयक माहितीवर. रोजगार बुडेल, हा मुद्दा तिथं चालत नाही.

एखादी प्रजाती संकटग्रस्त ठरवा, असा अर्ज केंद्राकडे करणाऱ्यानं तो देण्याच्या किमान ३० दिवस आधी राज्याला कळवायचं असतं. पत्र येताच कामाला लागा. नुसता आलेख नको, कच्च्या नोंदी द्या. उदाहरणार्थ, प्रेअरी कोंबडी हा गवताळ माळावरचा पक्षी; माद्यांसाठी नर जिथं नाचतात त्या जागी पहाटे किती नर दिसले, तारीख, वेळ, वारा, आणि एकही नर न दिसलेल्या फेऱ्यासुद्धा! शून्यं गाळली की सरासरी फुगते, मग बाकीच्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

केंद्राच्या प्रस्तावावरची हरकत लेखीच नोंदवा. तिच्याविरुद्ध निर्णय गेला, तर केंद्राला राज्याला लेखी कारण द्यावं लागतं.