आधी विषय, मग तास

स्तनपान सल्लागार व्हायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तू नर्सिंगची नाहीस, गृहविज्ञानाची आहेस, म्हणून सुरुवात गुणपत्रिकेपासून कर. आयबीसीएलसी, म्हणजे स्तनपान सल्लागाराचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, त्यासाठी आरोग्यविज्ञानाचे १४ विषय लागतात. नर्स-डॉक्टरांना ते वेगळे दाखवावे लागत नाहीत, तुला लागतील. पोषण, बालविकास तुझे झाले असतील. शरीररचना आणि शरीरक्रिया मात्र पदवी हातात पडायच्या आत पूर्ण कर, आणि मन लावून कर. प्रोलॅक्टिन, ऑक्सिटोसिन ही दुधाची हार्मोन्स समजल्याशिवाय दूध का कमी येतंय हे बाळंतिणीला कसं सांगणार?

स्तनपानाचं ९५ तासांचं शिक्षण वेगळं. त्यातले ५ तास संवादकौशल्याचे, त्यांना कमी लेखू नकोस. चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवणाऱ्या आजीशी बोलायचंय तुला, तिला न दुखावता. मी सुरुवातीला पुस्तकी उत्तरं देत राहिले, आणि एका घरानं मला पुन्हा बोलावलंच नाही. ते अजून मनाला लागून आहे.

प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायच्या मार्गांपैकी तुझ्यासाठी तिसरा योग्य: आयबीसीएलसी झालेल्या सल्लागाराच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचे ५०० तास. मार्गदर्शक आत्ताच शोध. या तासांची योजना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडून आधी मंजूर करून घे, मगच तास मोजायला लाग.